जुन्या मशीनच्या कॉम्प्युटरला रिअल-टाइम कर्नल : सोर्स उतरवण्यापासून जॉब लावण्यापर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे या पट्ट्यातल्या शेडमधून फिरलं की एका प्रकारची मशीन हमखास दिसते. बेड ठणठणीत, स्लाइडला खेळ नाही, स्पिंडल गुळगुळीत फिरतो, पण कंट्रोलर मेलेला. कार्ड मिळत नाही, आणि मिळालं तर परवडत नाही. अशी मिलिंग, लेथ किंवा खानापूरकडच्या लाकडी कामाचा राउटर, एखादा जुना ऑफिसवाला डेस्कटॉप, स्टेपर किंवा सर्वो ड्राइव्ह आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर एवढ्यावर पुन्हा उभा राहतो. मधला दुवा आहे रिअल-टाइम कर्नल, म्हणजे लिनक्सचा वेळ पाळणारा गाभा. तो सोर्सपासून कंपाइल करून कसा बसवायचा, कुठे अडतं आणि का अडतं, ते इथे क्रमाने दिलं आहे. टर्मिनलची थोडी सवय असलेल्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला हे दोन दिवसांत जमतं. त्यातला एक पूर्ण दिवस मोजमापाला ठेवायचा.

आधी एक सूचना. लेखातल्या सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे. आवृत्तीच्या क्रमांकात जिथे क आणि ख लिहिलं आहे, तिथे तुम्ही उतरवलेल्या फाइलीचा आकडा घालायचा.

रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे

हा गैरसमज पहिल्यांदा काढायला हवा. रिअल-टाइम कर्नलवर कॉम्प्युटर एकूण कामात किंचित मंदच होतो. मिळते ती खात्री: ठरलेल्या क्षणी काम सुरू होणार, आणि उशीर झालाच तर अमुक मायक्रोसेकंदापेक्षा जास्त होणार नाही. म्हणून इथे सरासरी बघायची नाही. आठ तासांतला सगळ्यात वाईट क्षण बघायचा. शंभर बसमधल्या नव्व्याण्णव वेळेवर आल्या तरी ज्याची एक चुकली त्याची परीक्षा बुडाली, तसंच इथे आहे. एका चुकलेल्या ठोक्याला स्टेपर अडकला की पुढचा सगळा जॉब सरकतो.

आकड्यांत सांगायचं तर, ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू, २०० स्टेपची मोटर, ड्राइव्हवर ८ मायक्रोस्टेप. एका फेऱ्याला १६०० स्टेप, म्हणजे एका मिलिमीटरला ३२०. पॅरलल पोर्टमधून सॉफ्टवेअरनेच स्टेप काढायच्या असतील आणि बेस पिरिअड (सॉफ्टवेअर दर किती वेळाने पोर्टला हात लावतं तो काळ) २५ मायक्रोसेकंद असेल, तर एका स्टेपला दोन पिरिअड धरून सेकंदाला २०,००० स्टेप मिळतात. ते होतात मिनिटाला ३७५० मिमी. आता उशीर मोठा निघाल्यामुळे तोच पिरिअड १०० मायक्रोसेकंदांवर न्यावा लागला, तर मिनिटाला साधारण ९३७ मिमीच उरतात. मशीन तीच, मोटर तीच, वेग चौथाई.

पॅरलल पोर्टऐवजी मेसासारखं कार्ड वापरलं तर स्टेप कार्ड काढतं आणि कॉम्प्युटरने दर १ मिलिसेकंदाला फक्त हिशोब द्यायचा असतो. तिथे शंभरेक मायक्रोसेकंदांचा उशीरही खपतो. खर्च झेपत असेल तर कार्डच घ्यावं. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

आतमध्ये काय बदलतं

साध्या कर्नलमध्ये काही कामं एकदा सुरू झाली की मध्ये थांबवता येत नाहीत. डिस्कचा किंवा नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट (‘आत्ता माझ्याकडे बघ’ अशी हाक) आला की तो उरकेपर्यंत बाकी सगळे खोळंबतात. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कर्नलची रिअल-टाइम सोय, हे चित्र पालटतं. इंटरप्टची बहुतेक कामं वेगळ्या थ्रेडमध्ये जातात आणि त्यांना ५० ही प्राधान्यता मिळते. बहुतेक स्पिनलॉक (वाट बघताना प्रोसेसर अडवून ठेवणारी कुलपं) झोपू शकणारे होतात. कमी प्राधान्याच्या कामाने कुलूप अडवलं असेल, तर ते सोडेपर्यंत त्याला तात्पुरतं वरचं प्राधान्य दिलं जातं. त्यामुळे ५० च्या वर चालणारी मशीनची आज्ञा डिस्कच्या कामालाही बाजूला सारू शकते.

थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोलनार आणि त्यांच्या सोबत्यांनी जवळजवळ वीस वर्षं हे काम पॅच (सोर्समध्ये घालायच्या बदलांची फाइल) म्हणून मूळ कर्नलच्या बाहेर सांभाळलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ६.१२ आवृत्तीत ते मूळ कर्नलमध्ये आलं. ६.१२ ही दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती आहे, म्हणून इथे तीच धरली आहे.

‘आता मूळ कर्नलमध्येच आलंय, मग पॅच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. ६.१२ च्या मूळ सोर्समध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचा आय९१५ ड्रायव्हर रिअल-टाइम पर्यायाबरोबर चालत नाही. रिअल-टाइम चालू केलं की तो ड्रायव्हर यादीतूनच गायब होतो. कर्नल बिनतक्रार कंपाइल होतो, बूट होतो आणि स्क्रीन मोठमोठ्या अक्षरांत अडकून पडते. शेडमधले बहुतेक जुने डेस्कटॉप इंटेलच्याच ग्राफिक्सवर चालतात. रिअल-टाइमचा वेगळा पॅच लावला की ही अट निघते. म्हणून ६.१२ लाही पॅच लावायचा.

आधी तयार पॅकेज लावून बघा

डेबियन १३ मध्ये लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४ नावाचं तयार पॅकेज आहे, तेही ६.१२ चंच. ते बसवा आणि पुढे दिलेलं मोजमाप करा. आकडे पटले तर कंपाइल करायची गरज नाही, थेट लिनक्ससीएनसी बसवा. स्वतः कंपाइल करायची कारणं मोजकी आहेत: एका कोअरला पूर्ण मोकळं ठेवण्याची सोय हवी आहे, नको ते ड्रायव्हर काढून कर्नल हलका करायचा आहे, एखाद्या कार्डाला दुसरी आवृत्ती लागते, किंवा प्रोजेक्ट म्हणून हे शिकायचंच आहे. शेवटचं कारणही पुरेसं आहे.

कॉम्प्युटर कुठला घ्यावा

चार कोअरचा, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि किमान ३० जीबी मोकळी जागा. ४ जीबी रॅमवरही होतं, पण मग एका वेळी दोनच कामं लावायची. लॅपटॉप नको. त्याचं फर्मवेअर बॅटरी, पंखा आणि तापमान बघण्यासाठी प्रोसेसर मधूनच स्वतःकडे ओढून घेतं आणि ऑपरेटिंग सिस्टमला त्याचा पत्ताही लागत नाही. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काढून ठेवा. त्याचा कंपनीचा ड्रायव्हर रिअल-टाइम कर्नल दिसला की बांधायलाच नकार देतो.

फाउंड्रीच्या शेजारची शेड असेल तर कॅबिनेट उघडून आधी ब्लोअरने धूळ काढा. हीटसिंकमध्ये काळ्या वाळूचा थर बसला असेल तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग कुठलाही कर्नल आकडे सुधारू शकत नाही.

बायोसमध्ये या गोष्टी बंद करा: हायपरथ्रेडिंग, सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था) आणि सी१ई, स्पीडस्टेप, टर्बो, सिक्युअर बूट. लेगसी यूएसबी हा पर्यायही बंद करून बघा. तो अनेकदा अशा चोरट्या उशिराचं कारण असतो. मात्र तो बंद केल्यावर बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड चालेनासा होऊ शकतो, म्हणून जुना पीएस-टू कीबोर्ड जवळ असू द्या. सिक्युअर बूट चालू राहिला तर आपण बांधलेल्या कर्नलवर सही नसल्यामुळे तो बूटच होत नाही.

साहित्य आणि सोर्स

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल बीसी बायसन फ्लेक्स लिबएनकर्सेस-डेव्ह लिबएसएसएल-डेव्ह लिबएल्फ-डेव्ह ड्वार्व्ज आरसिंक सीपीआयओ केमॉड डेबहेल्पर एक्सझेड-यूटिल्स आरटी-टेस्ट्स स्ट्रेस-एनजी

यातलं डेबहेल्पर हमखास राहतं. ते नसेल तर पॅकेज बांधण्याची आज्ञा सुरुवातीलाच ‘बांधणीच्या गरजा पूर्ण नाहीत’ म्हणून थांबते.

कर्नल डॉट ऑर्गवर रिअल-टाइम पॅचचं स्वतंत्र फोल्डर आहे: पब, लिनक्स, कर्नल, प्रोजेक्ट्स, आरटी, आणि त्यात ६.१२. आधी पॅच निवडा, मग त्याच्या जोडीचा सोर्स. क्रम उलटा केला तर सगळ्यात नवा सोर्स हाताशी येतो आणि त्याच्यासाठी पॅच अजून आलेलाच नसतो. पॅच-६.१२.क-आरटीख या नावाच्या पॅचला लिनक्स-६.१२.क हाच सोर्स लागतो, एक आकडाही इकडेतिकडे चालत नाही. जुने पॅच ‘ओल्डर’ या उपफोल्डरमध्ये असतात.

सोर्सची दाबलेली फाइल १४० एमबीच्या वर आहे आणि उघडल्यावर दीड जीबीच्या आसपास जागा घेते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवत असाल तर डब्ल्यूगेट -सी वापरा. रेंज गेली तरी तुटलं तिथून पुढे सुरू होतं.

सोर्सची डिजिटल सही तपासताना एक बारकावा लक्षात ठेवा. सही दाबलेल्या फाइलीची नसते, आतल्या टार फाइलीची असते. म्हणून आधी अनएक्सझेड -के ने टार मोकळी करायची, मग जीपीजी --व्हेरिफाय ला सहीची फाइल आणि टार फाइल द्यायची. थेट दाबलेली फाइल दिली तर सही खोटी असल्याचं दिसतं आणि माणूस उगीच पुन्हा डाउनलोड करत बसतो.

टार उघडून त्या फोल्डरमध्ये जा. पॅच आधी कोरडा चालवून बघा:

एक्सझेडकॅट ../पॅच-६.१२.क-आरटीख.पॅच.एक्सझेड | पॅच -पी१ --ड्राय-रन

सगळ्या ओळी ‘चेकिंग फाइल’ एवढंच म्हणत असतील तर शेवटचं --ड्राय-रन काढून तीच आज्ञा परत द्या. कुठे ‘फेल्ड’ आलं तर आवृत्त्या जुळत नाहीत. तिथे हाताने दुरुस्ती करत बसू नका, योग्य सोर्स उतरवा. ‘रिव्हर्स्ड’ असं विचारलं तर पॅच आधीच लागलेला आहे. नकार द्या आणि पुढे चला.

कॉन्फिगरेशन

इथे घाई करू नका. बांधताना काही चुकलं तर कॉम्प्युटर ओरडून सांगतो, इथलं चुकलेलं मात्र कित्येकदा महिन्याने कळतं.

आत्ता चालू असलेल्या कर्नलची कॉन्फिग फाइल आधार म्हणून घ्या:

सीपी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर) .कॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

डेबियनच्या कॉन्फिगमध्ये हजारो ड्रायव्हर असतात. ते सगळे बांधायला जुन्या चार कोअरच्या मशीनवर दोन-तीन तास जातात. मेक लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा या क्षणी लोड असलेली मॉड्यूलच ठेवते आणि तेच काम साधारण अर्ध्या तासावर येतं. पण ‘या क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे. आज्ञा देण्याआधी पुढे जे जे लागणार आहे ते जोडून, वापरून दाखवायला हवं: पेन ड्राइव्ह लावून माउंट करा, वायफायची डोंगल लावा, यूएसबी-सिरियल केबल, प्रिंटर, पॅरलल पोर्टचं कार्ड, सगळं. नाहीतर काय होतं? मशीन छान चालू होते, आठ दिवसांनी कुणीतरी जी-कोडचा पेन ड्राइव्ह आणतं आणि तो उघडतच नाही, कारण व्हीफॅट किंवा त्याची अक्षरसंचाची मॉड्यूल बांधलेलीच नसतात. पहिल्यांदाच करत असाल तर वेळ गेला तरी चालेल, पूर्ण कॉन्फिगनेच बांधा.

आता मेक मेन्यूकॉन्फिग. निळ्या पडद्यावर मेनू येतो, तिरपी रेघ दाबली की शोधता येतं.

‘जनरल सेटअप’मध्ये ‘कॉन्फिगर स्टँडर्ड कर्नल फीचर्स’ हा तज्ज्ञांसाठीचा पर्याय आधी चालू करा. तो बंद असेपर्यंत रिअल-टाइमचा पर्याय दिसतच नाही. ‘माझ्याकडे तो पर्यायच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. मग त्याच विभागात प्रीएम्प्शनच्या जागी ‘फुली प्रीएम्प्टिबल कर्नल (रिअल-टाइम)’ निवडा. ‘लोकल व्हर्जन’मध्ये ओळखीची खूण टाका, उदाहरणार्थ डॅश आणि मशीनचा नंबर. बूटच्या यादीत तीन कर्नल एकाखाली एक दिसतील तेव्हा ही खूण उपयोगी पडते.

‘टायमर्स सबसिस्टम’मध्ये ‘फुल डायनटिक्स’ घ्या. एक कोअर मोकळा ठेवण्यासाठी पुढे त्याची गरज आहे.

पॉवर मॅनेजमेंटमध्ये प्रोसेसरच्या वारंवारतेचा मूळ गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ ठेवा.

‘कर्नल हॅकिंग’मध्ये लॉकची तपासणी करणारे पर्याय, विशेषतः ‘लॉक डीबगिंग: प्रूव्ह...’ने सुरू होणारा, आणि प्रीएम्प्शनचं डीबगिंग बंद असल्याची खात्री करा. यातला एखादा जरी चालू राहिला तरी उशीर कित्येक पटींनी वाढतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. तिथेच डीबगची माहितीही ‘डिसेबल’ करा. बांधणीची जागा आणि वेळ दोन्ही खूप वाचतात. ट्रेसर्समधला हार्डवेअर लेटन्सीचा ट्रेसर मात्र चालू ठेवा, तो पुढे लागणार आहे.

टायमरची वारंवारता १००० हर्ट्‌झ करण्याचा आग्रह पुष्कळ ठिकाणी दिसतो. हाय-रिझोल्यूशन टायमर चालू असले की आपल्या कामात तिचा फरक जाणवत नाही. आहे ती राहू द्या.

साठवून बाहेर पडा आणि खात्री करा: ग्रेप प्रीएम्प्ट_आरटी .कॉन्फिग ही आज्ञा द्या, त्यात प्रीएम्प्ट_आरटी हे शब्द मोठ्या अक्षरांत टाइप करून. त्या ओळीपुढे वाय दिसला पाहिजे. त्याच पद्धतीने डीआरएम_आय९१५ ही शोधा. तिथे वाय किंवा एम असलंच पाहिजे. नसेल तर पॅच लागलेला नाही.

अजून एक अडथळा: डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या फाइलीचा पत्ता असू शकतो. ती फाइल तुमच्याकडे नसते, आणि बांधणी ‘.पेम फाइल बनवण्याचा नियम नाही’ असं म्हणून थांबते. तो पत्ता रिकामा करा:

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र सिस्टम_ट्रस्टेड_कीज ""
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-स्ट्र सिस्टम_रिव्होकेशन_कीज ""

बांधणी

मेक -जे४ बिनडेब-पीकेजी

चार म्हणजे कोअरची संख्या. ही आज्ञा कर्नल बांधून त्याची डेब पॅकेज एक फोल्डर वर ठेवते. थेट मेक इन्स्टॉल करण्यापेक्षा हे बरं. पॅकेज पुसता येतं, दुसऱ्या तशाच मशीनवर नेता येतं आणि पेन ड्राइव्हवर जपून ठेवता येतं.

मध्येच ‘किल्ड’ हा शब्द दिसून बांधणी थांबली तर रॅम संपली आहे. -जे२ करून तीच आज्ञा परत द्या, झालेलं काम वाया जात नाही.

लाइट गेली तर? पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे हे गृहीतच धरायचं. यूपीएस नसेल आणि बांधणीच्या मधोमध लाइट गेली, तर लाइट आल्यावर तीच आज्ञा दिली की काम पुढे सरकतं. मात्र अर्धवट लिहिलेल्या रिकाम्या फाइली मागे उरू शकतात. मेक त्यांना पूर्ण झालेल्या समजतो आणि शेवटी जोडणीच्या वेळी विचित्र चूक येते. म्हणून पुढे सरकण्याआधी त्या काढून टाका:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

यानंतरही शंका वाटली तर मेक क्लीन करून पहिल्यापासून. कॉन्फिग फाइल त्याने जात नाही.

बसवणं आणि पहिलं बूट

वरच्या फोल्डरमध्ये लिनक्स-इमेज, लिनक्स-हेडर्स आणि लिनक्स-लिबसी-डेव्ह अशी पॅकेज असतील. पहिली दोनच बसवा:

सुडो डीपीकेजी -आय लिनक्स-इमेज-६.१२.क*.डेब लिनक्स-हेडर्स-६.१२.क*.डेब

इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरची गाठोडी) बनवणं आणि ग्रबच्या, म्हणजे बूटच्या, यादीत नाव घालणं आपोआप होतं. /बूट साठी वेगळं छोटं पार्टिशन असेल आणि ‘जागा नाही’ असा संदेश आला, तर इनिट्रॅमएफएसच्या सेटिंग फाइलीत मॉड्यूल्सपुढे ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ करा आणि परत बनवा. आकार बराच कमी होतो.

जुना कर्नल काढू नका. कधीच. परत बूट करताना ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून नवा कर्नल हाताने निवडा. बूट होताना रूट फाइल सिस्टम माउंट करता येत नाही असं सांगून पॅनिक आला, तर इनिट्रॅमएफएस बनलेलंच नाही. जुन्या कर्नलमधून अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के आणि पूर्ण आवृत्तीचं नाव देऊन ते बनवा. त्याऐवजी इनिट्रॅमएफएसच्याच प्रॉम्प्टवर येऊन डिस्कचा यूयूआयडी सापडत नसल्याचं सांगत असेल, तर डिस्कचा ड्रायव्हर कॉन्फिगमधून गळाला आहे: एसएसडी साटावर असेल तर एएचसीआय, नव्या मदरबोर्डवर एनव्हीएमई.

बूट झाल्यावर यूनेम -व्ही मध्ये प्रीएम्प्ट_आरटी हे शब्द दिसले पाहिजेत, आणि कॅट /सिस/कर्नल/रिअलटाइम ने १ द्यायला हवा.

एक कोअर मशीनसाठी मोकळा

/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलीत कर्नलला देण्याच्या ओळीत, क्वाएटच्या पुढे, हे जोडा:

आयसोलसीपीयूज=३ नोएचझेड_फुल=३ आरसीयू_नोसीबीज=३ आयआरक्यूअ‍ॅफिनिटी=०-२ इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१

चार कोअर ० ते ३ मोजले जातात, त्यामुळे ३ म्हणजे शेवटचा. लिनक्ससीएनसी आपलं रिअल-टाइम काम शेवटच्याच कोअरवर ठेवतं. सुडो अपडेट-ग्रब करून परत बूट करा. डीमेसेजमध्ये ‘हाउसकीपिंग: नोएचझेड अनसपोर्टेड’ अशी ओळ आली तर फुल डायनटिक्स घ्यायचं राहिलं आहे.

मोजमाप

आधी हार्डवेअर. मशीनवर दुसरं काहीही न चालवता:

सुडो एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट --ड्युरेशन=६०० --थ्रेशोल्ड=१०

दहा मिनिटांनी ते सांगतं की १० मायक्रोसेकंदांपेक्षा मोठी किती खिंडारं सापडली. ही खिंडारं फर्मवेअरची. इथे शंभर-दोनशे मायक्रोसेकंद दिसत असतील तर कर्नलमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. बायोस पुन्हा तपासा, बायोसची नवी आवृत्ती असेल तर घाला, तरीही जात नसेल तर मदरबोर्ड बदला. हे मोजमाप खरं तर तयार पॅकेजवर, कंपाइल करायच्या आधीच करावं. रद्दी मशीनसाठी दोन दिवस घालवण्यात अर्थ नाही.

मग कर्नल. एका टर्मिनलवर भार:

स्ट्रेस-एनजी --सीपीयू ४ --आयओ २ --व्हीएम २ --व्हीएम-बाइट्स २५६एम

दुसऱ्यावर मोजणी:

सुडो सायक्लिकटेस्ट --एमलॉकऑल --एसएमपी --प्रायॉरिटी=९० --इंटरव्हल=२०० --ड्युरेशन=८एच

तिच्या शेवटच्या रकान्यात मॅक्स असतो. फक्त तोच बघा. पाच मिनिटांत ९ दिसला म्हणून खूश होऊ नका, खरा आकडा तिसऱ्या-चौथ्या तासाला वर येतो. रात्रभर लावून ठेवा. मध्ये पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा, खिडक्या जोरात सरकवा. ऑपरेटर दुपारच्या सुट्टीत तेच करणार आहे.

त्यानंतर लिनक्ससीएनसीची स्वतःची लेटन्सी-टेस्ट, ही नॅनोसेकंदात आकडे देते. लिनक्ससीएनसीच्या मार्गदर्शनानुसार मॅक्स जिटर (ठरलेल्या वेळेपासूनची सगळ्यात मोठी चूक) १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर सॉफ्टवेअर स्टेपिंग उत्तम चालतं. ३० ते ५० असेल तरी चालतं, पण वर काढलेला हिशोब आठवा, वेग कमी मिळतो. १०० च्या वर गेलं तर पॅरलल पोर्टचा नाद सोडून कार्ड घ्यावं. १ मिलिसेकंदाच्या वर असेल तर तो कॉम्प्युटर या कामाचाच नाही.

इथरनेटचं मेसा कार्ड असेल तर नेटवर्क कार्डाची पॅकेट गोळा करून ठेवण्याची सवय मोडा: सुडो ईथटूल -सी, त्यातला सी मोठा, पुढे इंटरफेसचं नाव आणि आरएक्स-यूसेक्स ०. त्या पोर्टवर फक्त तेच कार्ड. ऑफिसचं इंटरनेट दुसऱ्या पोर्टवरून.

स्टेप तरीही चुकतात

सगळे आकडे चांगले, तरी संध्याकाळी जॉब अर्धा मिलिमीटर सरकलेला. इथे कर्नलला दोष देण्याआधी कधी सरकतो ते टिपून ठेवा. फाइल उघडताना किंवा ब्राउझर चालू असताना सरकत असेल तर उशीराचा संशय घ्या. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंगची ठिणगी पडली की सरकत असेल, तर तो विजेचा गोंगाट आहे. स्टेपच्या तारा शील्डेड घ्या, शील्ड फक्त एका टोकाला अर्थ करा, मोटरच्या तारा आणि सिग्नलच्या तारा वेगळ्या पाइपमधून न्या, आणि शेडचं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातंय का ते मीटरने बघा. वेग वाढवल्यावरच सरकत असेल तर प्रवेग जास्त आहे किंवा ड्राइव्हचा करंट कमी ठेवलाय. एकाच दिशेने, प्रत्येक दिशाबदलाला थोडं थोडं सरकत असेल तर दिशेच्या सिग्नलचा सेटअप टाइम ड्राइव्हच्या पुस्तकाप्रमाणे वाढवा.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल एकच सांगणं: तो बटन दाबल्यावर कॉन्टॅक्टर पडून ड्राइव्हची वीज सरळ तुटली पाहिजे. कॉम्प्युटरला त्याची खबर द्यावी, पण थांबवण्याचं काम कॉम्प्युटरवर सोडू नये. रिअल-टाइम कर्नल वेळ पाळतो, माणसाचा हात वाचवणं हे त्याचं काम नाही.

जॉब सुरू झाल्यावर

मशीन नीट चालायला लागली की त्या कॉम्प्युटरवर आपोआप होणारे अपडेट बंद करा. नवा साधा कर्नल गुपचूप आला आणि ग्रबने तो पहिला धरला, तर सकाळी लिनक्ससीएनसी रिअल-टाइम नसल्याची तक्रार करेल. ते टाळायला ग्रबमध्ये ‘सेव्हड’ ठेवून सुडो ग्रब-सेट-डीफॉल्टने आपला कर्नल पक्का करा.

डेब पॅकेज, .कॉन्फिग फाइल, पॅचचं नाव, ग्रबची ओळ आणि बायोसच्या बदललेल्या पर्यायांचे मोबाइलवर काढलेले फोटो, हे सगळं एका पेन ड्राइव्हवर घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. मदरबोर्डच्या बॅटरीचा सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, सी-स्टेट परत चालू होतात, आणि दोन वर्षं बिनचूक चाललेली मशीन एका सोमवारी स्टेप सोडायला लागते. त्या वेळी ते फोटो काढून बघायचे आणि सेल बदलायचा.